बटाटा लावताय? आधी बेणं कापून बघा, औषधाचं नंतर बोलू

दरवर्षी ऑगस्ट लागला की फोन सुरू होतात, कधी पाहुण्यांचा, कधी खालच्या गावातल्या कुणाचा, आणि प्रश्न एकच, "बटाटा करपायला लागलाय, कोणतं औषध मारू?" मी विचारतो बेणं, म्हणजे लावायचा बटाटा, कुठून आणलं होतं, मागच्या साली त्या वावरात काय होतं, कापल्यावर किती दिवसांनी लावलं, तर समोरचा वैतागतो. त्याला औषधाचं नाव पाहिजे असतं, माझी चौकशी नको असते. पण खरं सांगू का, बटाट्याचे निम्मे रोग लावायच्या दिवशीच वावरात जातात, आणि ते आपणच आपल्या हाताने डोक्यावर पाटी घेऊन नेऊन लावतो. म्हणून आज हे जरा सविस्तर टाइप करतोय, म्हणजे पुढच्या वेळी फोन आला की लिंक पाठवून मोकळा.

आमचा भाग पुणे जिल्ह्यातला, खेड-आंबेगावचा. सातगाव पठार ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, पेठ, कुरवंडी, थुगाव, भावडी ही सगळी गावं पावसाळी बटाट्याची. पठारावर हवा थंड, जमीन निचऱ्याची, त्यामुळे जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत लावलेला बटाटा नुसत्या पावसावर येतो आणि सप्टेंबरात निघतो. खाली पाण्याची सोय आहे तिथं रब्बीचा, म्हणजे ऑक्टोबर मध्यापासून नोव्हेंबर मध्यापर्यंत लावायचा आणि फेब्रुवारीत काढायचा. रब्बीचा उतारा, म्हणजे एकरी माल, जास्त येतो कारण बटाटा पोसायला रात्र थंड लागते, १७ ते २० अंशाच्या आसपास तो खूश असतो आणि तिशीच्या वर गेलं की नुसता पाला वाढतो खाली काही नाही. त्यामुळे डिसेंबरात रब्बीची लागवड करून मार्चच्या उन्हात "बटाटा बारीकच राहिला" म्हणून रडायचं नाही, त्यात ना बेण्याचा दोष ना खताचा.

आता बेणं. आपल्याकडे सगळं बेणं मंचरच्या बाजारात येतं आणि बहुतेक पंजाबातून येतं. पुष्कळ जणांना वाटतं ही नुसती सवय आहे, व्यापाऱ्यांनी लावलेली, घरचंच बटाटं ठेवून का लावू नये. कारण आहे त्याला. तिकडं थंडीत मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, जवळजवळ नसतो, तेव्हा ते लोक बेण्याचा प्लॉट ऑक्टोबरात लावतात आणि जानेवारीच्या सुरुवातीला, मावा वाढायच्या आधीच, पाला कापून टाकतात. मावा नाही म्हणजे व्हायरस एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने बसवलेली पद्धत आहे ही, आणि तिच्यामुळंच मैदानी भागात बेणं तयार व्हायला लागलं, नाहीतर आधी सगळं डोंगरातून यायचं. आपल्याकडे मावा वर्षभर कुठं ना कुठं असतोच, उन्हाळ्यात घरात ठेवलेलं बेणं सुकतं नाहीतर पाकोळी, म्हणजे बटाट्यावरच्या पतंगाची अळी, खाते, आणि सप्टेंबरात काढलेला बटाटा ऑक्टोबरात लावायचा म्हटलं तर तो झोपेतच असतो, काढणीनंतर सहा ते आठ आठवडे तरी त्याला कोंबच फुटत नाहीत. एखादं साल घरचं बेणं चालून जातं, दुसऱ्या साली पाला वळायला लागतो, तिसऱ्या साली गोल्टीच गोल्टी, म्हणजे नुसते बारीक बटाटे.

जातीचं थोडक्यात सांगतो. सगळ्यांच्या नावापुढं कुफरी असतं, ते शिमल्याजवळच्या गावाचं नाव, तिथं या जाती निघाल्या. कुफरी ज्योती आपल्याकडं वर्षानुवर्षं चालते, १९६८ ची जात, त्या वेळी ती करप्याला दाद देत नव्हती पण आता ते विसरा, बुरशी पुढं गेली आणि ज्योती मागं राहिली. पुखराज उताऱ्याला भारी, लवकर येतो, पण वेफर्सला चालत नाही, पाणचट असतो. वेफर्सवाल्यांना चिपसोना लागतो कारण त्यात साखर कमी आणि तळल्यावर काळा पडत नाही. आणि एक आपली कुफरी लवकर, १९७२ ची, आपल्याच पठारी भागासाठी काढलेली, नावातच सगळं आलं. कुठली लावायची ते तुमचं गिऱ्हाईक कोण आहे त्यावर ठरवा, शेजाऱ्याने लावली म्हणून लावू नका.

पिशवी घेताना मी काय करतो ते सांगतो. वरून भरलेली पिशवी बघून उपयोग नाही, वर चांगला माल असतोच. सुतळी सोडायला लावायची, हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि मधले दहा-बारा बटाटे काढायचे. ओला वास आला, हाताला चिकट लागलं, तर ती गोणी बाजूला. मग खिशातला चाकू काढून प्रत्येक बटाटा आडवा मधोमध कापायचा. व्यापारी तोंड वाकडं करतो, करू दे, एकरी पन्नास हजाराच्या वर खर्च करणारे आपण. कापलेल्या तोंडावर सालीपासून थोडं आत, चारी बाजूनी तपकिरी गोल रेघ दिसते का बघा, बांगडी असते ना हातातली तशी. दिसली तर अंगठ्याने कडेला दाबा, त्या रेघेतून पांढुरका चिकट थेंब वर आला की समजा. त्याच्यासाठीच आपल्याकडचे म्हातारे या रोगाला "बांगडी" म्हणायचे, पुस्तकात जिवाणूजन्य मर म्हणतात. एका बटाट्यात दिसली तरी त्या लॉटमधली एकही पिशवी घ्यायची नाही, मग तो पिशवीमागं दोनशे कमी करू दे नाहीतर पाचशे.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका, मला शिकवलं दोन एकरांनी. काही वर्षांपूर्वी एकाने कमी भावात बेणं दिलं, म्हणाला पंजाबचंच आहे शेवटचा माल आहे म्हणून स्वस्त, मी पण घाईत होतो पाऊस पडून गेलेला, घेतलं. बायकांनी एका दिवसात सगळं कापलं, एकाच पाटीत, त्याच विळ्यांनी, आणि दुसऱ्या दिवशी लावलं. चाळीस दिवस पीक असं होतं की रस्त्यावरून जाणारा गाडी थांबवून बघायचा. मग एका दुपारी मधेच दहा-बारा झाडं मान टाकलेली. पानं हिरवीगार, डाग नाही काही नाही, पाणी कमी पडल्यासारखी नुसती लोंबलेली. संध्याकाळी परत उभी राहिली म्हणून मी निवांत. चार दिवसांनी ती उठलीच नाहीत आणि त्यांच्या शेजारची तीस-चाळीस बसली. कृषी सेवा केंद्रात गेलो तर बुरशीनाशक दिलं, ते मारलं, मग दुसरं दिलं, ते पण मारलं. जिवाणूला बुरशीनाशक म्हणजे तापाला मलम. काढणीला निम्मा माल वावरातच सडलेला, बाकीच्या बटाट्यांच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या खळग्यांना, माती चिकटलेली, कारण डोळ्यातून तो चिकट द्रव बाहेर येतो आणि माती धरून बसतो. ती चिकटलेली माती दिसली की आता पोटात गोळा येतो.

झाड उभ्यानं सुकतंय आणि कशानं सुकतंय कळत नसेल तर घरी दोन मिनिटांत कळतं. सुकायला लागलेल्या झाडाचा खोडाचा जमिनीलगतचा बोटभर तुकडा कापा, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, तुकडा पेल्याच्या काठाला असा धरा की खालचं टोक पाण्यात बुडलेलं राहील, आणि हलवू नका. बांगडी असेल तर दोन-चार मिनिटांत खालच्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसते, उजेडाकडं धरलं की स्पष्ट दिसते. धार नाही आली तर मग मुळं बघा, हुमणीने, म्हणजे मातीतल्या पांढऱ्या अळीने, खाल्लीत का, खोड जमिनीलगत काळं पडलंय का. धार आली तर औषधाच्या दुकानात जाऊ नका. ते झाड मुळा-मातीसकट पोत्यात घालून वावराच्या बाहेर न्या, ओढत नेऊ नका, आणि त्या जागेवरून पाटाचं पाणी पुढच्या सरीत जाऊ देऊ नका, कारण हा रोग पाण्याबरोबर चालतो, खुरप्याबरोबर चालतो, आणि आपल्या चपलेबरोबर पण.

उपाय म्हणाल तर तीनच आहेत आणि तिन्ही आधीचे. पहिला बेणं, ते झालं सांगून. दुसरा वावर. बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची हे सगळे एकाच घरातले, त्यांचा हा रोग सामाईक आहे. आपल्याकडे नारायणगावचं टोमॅटो मार्केट जवळ, त्यामुळं उन्हाळ्यात टोमॅटो केला आणि त्याच वावरात पावसाळ्यात बटाटा, हे सर्रास चालतं, आणि मग म्हणायचं जमिनीला काय झालंय कळत नाही. मधे दोन-तीन वर्षं तरी बाजरी, ज्वारी, गहू, मका यातलं काहीतरी आलं पाहिजे. ज्याला जमीनच थोडी त्याला हे अवघड जातं हे मला माहितीये, मग निदान वावराचे दोन भाग करा आणि पाळी लावा. उन्हाळ्यात नांगरून ढेकळं तापू द्यायची हे तर आपले आजोबा पण करत होते. तिसरा उपाय ब्लीचिंग पावडर, तीच पाण्याच्या टाकीत टाकतो ती, हेक्टरी १२ किलो म्हणजे एकरी पाचेक किलो, लावताना सरीत खताबरोबर टाकायची. ताजी, वास येणारी पाहिजे, दुकानात वर्षभर उघडी पडलेली नुसती खडूची भुकटी असते. याने रोग पूर्ण जात नाही, पण कमी नक्की होतो.

बेणं कापायचं का अख्खं लावायचं यावर दरवर्षी पारावर भांडण होतं. माझं मत, पावसाळ्यात शक्यतो अख्खं लावा, ३०-४० ग्रॅमचा, कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडा लहान बटाटा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण ओल्या जमिनीत कापलेली फोड सडते. पण पिशवीत मोठाच माल आला तर कापावं लागतं, मग नीट कापा. उभा कापायचा, म्हणजे शेंड्याकडचे डोळे दोन्ही फोडींना वाटून येतात, शेंड्याकडचेच डोळे आधी आणि जोरात फुटतात. प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे पाहिजेत. कापणाऱ्या प्रत्येक बाईजवळ दोन विळ्या आणि एक औषधाच्या पाण्याचं घमेलं, एक विळी पाण्यात एक हातात, संशयित बटाटा कापला की विळी बदलायची. आमच्याकडे ब्लीचिंगचं पाणी वापरतो, विळ्या गंजतात म्हणून आई ओरडते पण विळी दोनशे रुपयाची. कापलेल्या फोडी १० लिटर पाण्यात २५-३० ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक कालवून त्यात दहा मिनिटं बुडवायच्या, काढून सावलीत पातळ पसरायच्या, आणि तोंड सुकून साल धरल्यासारखं झाल्याशिवाय लावायच्या नाहीत. कापल्या त्याच दिवशी ओल्याच लावल्या की आठ दिवसांनी सरीत वास येतो, वेगळं सांगायची गरज पडत नाही.

बरं, बेणं कोल्ड स्टोरेजमधून येतं तेव्हा ते २ ते ४ अंशावर असतं, एकदम गार. ट्रकमधून उतरवलं आणि तसंच लावलं असं करू नका, आठ-दहा दिवस हवेशीर सावलीत पसरून ठेवा, उजेड पाहिजे पण ऊन नको. कोंब लांब पांढरे दोऱ्यासारखे निघाले तर ते अंधारातले, हात लावला की मोडतात. उजेडातले कोंब आखूड, जाड, हिरवट-जांभळे निघतात, ते चांगले. या दिवसांत सडका माल पण आपोआप उघडा पडतो तो वेचून फेकता येतो.

लागवडीचं फार लांबवत नाही. जमीन भुसभुशीत आणि निचऱ्याची, चिबड, म्हणजे पाणी साचून राहणारं वावर बटाट्याला देऊच नका. ६० सेंटीमीटरची सरी, दोन बेण्यांत २० ते २५ सेंटीमीटर, एकरी आठ-दहा क्विंटल बेणं लागतं, म्हणजे ५० किलोच्या सोळा ते वीस पिशव्या. शेणखत चांगलं कुजलेलं, कच्चं टाकलं तर हुमणी आणि सालीवरची खरूज दोन्हीला आमंत्रण. माती परीक्षण केलं असेल तर त्याप्रमाणं, नसेल तर साधारण एकरी ५० किलो नत्र, २५ च्या आसपास स्फुरद आणि ४५ पालाश धरा, पिशव्यांत सांगायचं तर डीएपी एक, युरिया दोन, पोटॅश दीड. डीएपी आणि पोटॅश सगळं लावतानाच, युरिया मात्र अर्धापाऊण पिशवी तेव्हा आणि बाकीचा महिन्याने भर लावताना, म्हणजे बुंध्याला माती चढवताना. युरियाची लई हौस असते आपल्याला, पीक काळंभोर दिसतं, बघणारे वा वा करतात, पण मऊ दाट पाला म्हणजे करप्याचा पाळणा, आणि बटाटा धरायला उशीर होतो तो वेगळाच.

भर लावणं हे काम लोक टाळतात मजुरी वाचते म्हणून. पंचवीस-तीस दिवसांनी खुरपणी करून बुंध्याला चांगली मातीची भर द्याच. बटाटा उघडा पडला की उन्हाने हिरवा होतो, हिरवा बटाटा कडवट आणि खायला वाईट, बाजारात पण बाजूला काढतात. दुसरं, पाकोळी उघड्या बटाट्याच्या डोळ्यात अंडी घालते. तिसरं, करप्याचे बीजाणू पावसाच्या पाण्याबरोबर पानावरून खाली मातीत उतरतात, भर जाड असेल तर बटाट्यापर्यंत पोचत नाहीत. एका कामात तीन कामं होतात. पाणी देताना सरी दोन तृतीयांश भरेल एवढंच, वरंब्यावरून पाणी गेलं की वरंबा घट्ट होतो. रब्बीत आठ-दहा दिवसांनी पाळी, आणि बटाटा धरायच्या वेळी, म्हणजे महिन्याच्या आसपास, ताण अजिबात नको. त्या वेळी जमीन सुकली तर सालीवर खरूज येते, आणि नंतर सुकवून एकदम भरपूर पाणी दिलं की बटाटा तडकतो.

आता करपा, ज्याच्यासाठी तुम्ही वाचायला आलाय. करपे दोन आहेत आणि दोघांचं औषध, घाई, सगळं वेगळं. लवकर येणारा करपा खालच्या जुन्या पानांवर येतो, तपकिरी कोरडे ठिपके, आणि ठिपक्यात एकात एक गोल रेघा, कापलेल्या लाकडावर असतात तशा. हा सावकाश चालतो, उपाशी पिकावर जास्त येतो, याला घाबरायचं कारण नाही. उशिराचा करपा म्हणजे खरा राक्षस. १८४५ पासून पुढं आयर्लंडमध्ये याच रोगाने बटाटा गेला आणि दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली, त्यावरून समजा.

तो ओळखायचा कसा, तर सकाळी सातच्या आत वावरात जा. दुपारी जाऊन काही दिसत नाही, दुपारी सगळे डाग सारखेच तपकिरी. सकाळी दव असताना पानाच्या कडेला नाहीतर टोकाला गरम पाणी सांडल्यासारखा ओलसर, काळपट हिरवा डाग दिसतो, त्यात रेघा नसतात. ते पान उलटं करा. डागाच्या कडेला, जिथं हिरवा भाग संपतो तिथंच, पांढरी कापसासारखी बारीक लव दिसते, साखर भुरभुरल्यासारखी. ऊन चढलं की ती लव जाते. ती दिसली म्हणजे उशिराचा करपा, दुसरं काही नाही. खोडावर पण तपकिरी-काळे पट्टे येतात आणि तिथं खोड टचकन मोडतं. जास्त झाला की वावराच्या बांधावरूनच एक कुबट वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही.

त्याला हवा कशी लागते, तर गार आणि ओली. १० ते २० अंश, ढग, धुकं, भुरभुर पाऊस, पानं दिवसभर ओली. पठारावर ऑगस्टात ही हवा रोजचीच असते, रब्बीत डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन दिवस आभाळ आलं की. अशा हवेत चार-सहा दिवसांत हिरवं वावर उकडल्यासारखं होतं, हे मी डोळ्याने बघितलंय. म्हणून डाग दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा आभाळ बघून फवारा. ओळी मिटायला लागल्या, हवा ढगाळ आहे, तर मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ३८-४० ग्रॅम, आठ-दहा दिवसांनी परत. हे पानावर नुसतं पांघरूण घालतं, आत शिरलेल्या बुरशीला काही करत नाही, म्हणून ते आधी मारायचं असतं. डाग दिसले की मग आत जाणारं लागतं, सायमॉक्झॅनिल अधिक मॅन्कोझेब हे तयार मिश्रण लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे पंपाला ४५, नाहीतर डायमेथोमॉर्फ १ ग्रॅम आणि त्यात मॅन्कोझेब २ ग्रॅम. मेटॅलॅक्झिल हे पण आत जाणारंच औषध, पण त्याच्या एकट्यावर विसंबून राहू नका, बऱ्याच ठिकाणी बुरशी त्याला सरावलीये. कोणतंही आत जाणारं औषध लागोपाठ दोनदा नको, आलटून पालटून.

आणि फवारणी पानाच्या खालून. बांधावरून वरवर पंप हलवत पुढं जाणारे फवारणीवाले मला बघवत नाहीत, लव खाली आणि औषध वर. नोझल खालून वर धरायचं, मोठ्या पिकाला एकरी दोनशे लिटर पाणी लागतं, शंभरात उरकलं म्हणजे निम्मं झाड कोरडं राहिलं. पावसाळ्यात स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रव, टाकाच. एकाच टाकीत बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक, सूक्ष्म अन्नद्रव्य असं पाच डब्यांचं कालवण करू नका, पानं भाजतात आणि मग तो पण करपा समजून परत फवारलं जातं, हसू नका, आमच्याच गावात झालंय. तोंडाला फडकं, हातात मोजे, आणि डब्यावर काढणीच्या आधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं ते वाचा, चष्मा नसेल तर पोराला वाचायला सांगा. शेजारी टोमॅटो असेल तर त्याच्यावर पण नजर ठेवा, करपा दोघांत ये-जा करतो. त्याला पण सांगा, भांडण असलं तरी.

एवढं करून पण पाऊणच्या वर पाला गेला असेल तर आता फवारणीवर पैसे घालू नका. पाला कापा, वावराच्या बाहेर न्या, आणि बटाटे दहा-पंधरा दिवस मातीतच राहू द्या. पाला ठेवून काढणी केली तर काढताना बीजाणू बटाट्यावर पडतात आणि पिशवीत सड सुरू होते.

व्हायरसचं थोडक्यात, कारण उपायच थोडा आहे. खालची पानं वरच्या बाजूला वळून पुंगळी झाली, कडक झाली, हात फिरवला की कागदासारखा कुरकुर आवाज आला तर तो पानं वळायचा व्हायरस, पिवळे-हिरवे ठिपके आणि सुरकुत्या असतील तर मोझॅक. पहिल्या महिन्यातच अशी झाडं दिसली तर उपटून पुरून टाका. मावा आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा, जास्तच झाली तर शिफारशीतलं कीटकनाशक. खरजेला बटाट्याच्या सालीवर खडबडीत खवले येतात, आत काही नसतं पण बाजारात भाव पडतो, त्याला बेणं ३ टक्के बोरिक अॅसिडच्या पाण्यात, म्हणजे लिटरला ३० ग्रॅम, अर्धा तास बुडवून सावलीत सुकवणं हा उपाय, कापायच्या आधी अख्खं असतानाच करायचा.

काढणीच्या आधी दहा-बारा दिवस पाणी तोडा, पाला कापा, साल पक्की होऊ द्या. अंगठ्याने घासल्यावर साल निघाली नाही की काढा. ओल्या जमिनीत, भाव चढलाय म्हणून घाईने काढू नका, कोवळी साल खरचटली की तिथूनच सड शिरते. काढलेला ढीग वावरात उघडा रात्रभर ठेवू नका, आणि त्याच्यावर बटाट्याचाच पाला तर अजिबात झाकू नका, पाल्यातली पाकोळीची अळी पाला सुकला की सरळ खाली बटाट्यात उतरते. डोळ्याजवळ काळी बारीक विष्ठा दिसली की आत अळी आहे, तो बटाटा लगेच वेगळा.

ठेवायचा असेल तर आपली आरण, म्हणजे सावलीत पाल्यात झाकून ठेवलेला बटाट्याचा ढीग, आहेच. आता कोल्ड स्टोरेज आल्यामुळं नव्या पोरांना आरण माहीत नाही, पण मार्चमध्ये भाव नसेल तर महिना-दोन महिने तीच वाचवते. दाट झाडाच्या सावलीत किंवा छपराखाली, खाली वाळका पाला पसरून, त्यावर बटाट्याचा ढीग, फार उंच नाही, नाहीतर खालचा गुदमरतो आणि आतून काळा पडतो. आत टाकायच्या आधी दहा-पंधरा दिवस सावलीत पसरून जखमा भरू द्यायच्या, आणि कापलेला, खरचटलेला, ओला एकही नाही, एक सडका बटाटा शेजारच्या पन्नासांना घेऊन जातो. ढिगाच्या खाली आणि वर टणटणीचा पाला, तीच रानात माजलेली घाणेरी, दोन-अडीच सेंटीमीटर जाड थर, त्याच्या वासाने पाकोळी फिरकत नाही. आमच्या आजीच्या वेळी कडुनिंबाचा पाला घालायचे, तो पण चालतो. दर आठ दिवसांनी एका बाजूने हात घालून बघायचं, गरम लागलं नाहीतर गोडसर कुबट वास आला तर त्याच दिवशी आरण मोडून निवडायची, उद्या बघू म्हणायचं नाही. मी गेल्या साली लग्नाच्या गडबडीत दोन दिवस उशीर केला, अकरा पिशव्या उकिरड्यावर गेल्या, आणि उकिरड्यावर पण तशाच टाकायच्या नसतात, खड्डा घेऊन पुरायच्या, नाहीतर पावसाळ्यात तिथंच उगवतात आणि पहिला करपा त्याच झाडांवर दिसतो.